शेजी : जात्यावरील ओवीतील सखीसंबंध

जात्यावरील ओवी म्हणजे एकट्या स्त्रीचे आत्मनिवेदन, ही समजूत मराठी लोकसाहित्याच्या विचारात बरीच रूढ झालेली आहे. पहाटेची वेळ, निजलेले घर, सासुरवाशीण, हातात खुंटा आणि ओठांवर माहेर, असे जे चित्र पाठ्यपुस्तकांतून व व्याख्यानांतून वारंवार रेखाटले जाते त्यात दुसरे माणूस नसते. हे चित्र खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे ओवीच्या रचनेतील एक मुख्य घटक अभ्यासकाच्या दृष्टीतून निसटतो. मोठे जाते हे बहुधा दोघींनी ओढावयाचे साधन होते. जी ओवी दोघींच्या मध्ये जन्मली ती एकीची म्हणून वाचल्यास तिचा अर्थ बदलतो. सुखदुःखात माणसे एकमेकींना कशी सावरून धरतात, ह्याविषयी ओवी जे सांगते ते तिच्या शब्दांइतकेच तिच्या ह्या बैठकीत आहे.

प्रथम दळणाची क्रिया नीट लक्षात घ्यावयास हवी. पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या वाटेवर वसलेल्या धायरीसारख्या हवेली तालुक्यातील गावात गिरणी येण्यापूर्वी ज्वारी-बाजरीचे पीठ घरीच पडत असे. जात्याची खालची तळी स्थिर असते, वरची फिरते. समोरासमोर बसलेल्या दोन स्त्रिया एकच खुंटा धरतात. एक आपल्याकडे ओढते तेव्हा दुसरी ढकलते, आणि दोघींपैकी एक मोकळ्या हाताने वैरण घालते. हाताची गती जमली नाही तर जाते जड लागते, पीठ जाडे पडते. म्हणजे दोघींचा श्वास आणि दोघींचा हात एका लयीत आल्याखेरीज काम होत नाही. ओवीची लय ही त्या जमलेल्या गतीची लय आहे. एकीने ओवी घ्यावी, दुसरीने ती झेलून पुन्हा म्हणावी किंवा तिच्या जोडीला आपली घालावी. दुसरी म्हणत असताना पहिलीला पुढची ओवी जुळविण्यास अवकाश मिळावा. तोंडी रचनेला असा अवकाश अत्यावश्यक असतो, आणि तो येथे सोबतिणीने दिलेला असतो. हा साहित्यनिर्मितीतील सहकार आहे, केवळ श्रमातील नव्हे.

ह्या सहकाराची परंपरा किती जुनी आहे ते एका सुपरिचित उल्लेखावरून दिसते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या शके १०५१ मधील (इ. स. ११२९) ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे सांगितले आहे. हा उल्लेख ओवीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून नेहमी दिला जातो. त्यातील ‘कांडण’ ह्या शब्दाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. एका उखळात दोघी-तिघींची मुसळे आळीपाळीने पडावयाची, तर त्यांत चूक करून भागत नाही. एकीचे मुसळ वर असताना दुसरीचे खाली यावे लागते. ओवीच्या ह्या प्राचीन उल्लेखाशीच असे अनेकींचे एक काम निगडित आहे.

आता ओवीच्या आशयाकडे वळता येईल. ‘शेजी’ ही जात्यावरील ओव्यांत पुनःपुन्हा भेटणारी व्यक्ती आहे. आई, भाऊ, बाप, लेक ह्यांच्याइतकीच ती ओवीत वावरते. परंतु तिच्यावर स्वतंत्रपणे लिहिले गेलेले अल्प आहे. ह्याचे कारण कदाचित असे की, ती एकरंगी नाही. आई नेहमी मायाळू असते, भाऊ बहुधा वाट पाहावयास लावणारा असतो, सासू कठोर असते. शेजीचे तसे नाही. ती उसनवारीला उभी राहणारी, लेकराला मांडीवर घेणारी, आजारपणात चूल पेटवून देणारी अशी आहे. आणि तीच कानांवर पडलेली गोष्ट चार घरी पोचविणारीही आहे. मनीचे गुज शेजीला सांगू नये, हा सावधपणाचा सूर ओव्यांतून इतक्यांदा येतो की, शेजारधर्माचे गोडवे गाणाऱ्या भाबड्या वाचकाने तेथे थबकावेच. गावची घरे भिंतीला भिंत लागून. एका घरातील भांडण दुसऱ्या घरात ऐकू जावयाचे. जिच्या आधारावाचून दिवस ढळत नाही तिच्याच जिभेचे भय, अशी ही कोंडी आहे. आधार आणि पाळत ही लहान समाजात एकाच माणसाकडून येतात, हे ओवीने कोणत्याही समाजशास्त्राआधी ओळखले होते.

ह्या कोंडीतून ओवीने जी वाट काढली ती वाङ्मयदृष्ट्या फार मोलाची आहे. ओव्यांतील संबोधने तपासली असता एक भेद जाणवतो. आनंदाची वार्ता शेजीला थेट सांगितली जाते. भाऊ मुऱ्हाळी आला, चोळी आली, लेकाचे लग्न ठरले, दारी पाहुणे उतरले, की ‘शेजी’ हे संबोधन उघडपणे येते. तिने पाहावे, विचारावे, तिच्या डोळ्यांदेखत आपले माहेर थोर ठरावे, ही तेथील अपेक्षा असते. दुःख मात्र बहुधा दुसऱ्याच कोणाला उद्देशून सांगितले जाते. ते जात्याला सांगतात, कारण जाते हा देव आहे आणि तो कोणाला सांगावयास जात नाही. दूर असलेल्या आईला सांगतात. पंढरीच्या विठ्ठलाला सांगतात. हे भाषण कागदावर वाचणाऱ्याला एकान्तातील वाटते. प्रत्यक्षात जात्यापलीकडे हातभर अंतरावर, तोच खुंटा धरून, दुसरी बसलेली असते आणि तिला प्रत्येक अक्षर ऐकू येत असते.

म्हणजे दुःख शेजीला सांगितले जात नाही. ते शेजीच्या देखत जात्याला सांगितले जाते. ह्या दोहोंत अंतर आहे. सांगितले असते तर तिला विचारणे, उलट बोलणे, सल्ला देणे भाग पडले असते. आणि पुढे पाणवठ्यावर तो शब्द फुटला तर सांगणारीच्या अंगाशी आला असता. ओवीत गायिलेल्या गोष्टीला मात्र आड आहे. ती परंपरेची, सर्वांच्या तोंडची. तिच्यातील सासू कोणाचीही सासू असू शकते. ऐकणारीला जे कळावयाचे ते कळते, आणि ती उत्तर देते तेही ओवीनेच. तिच्या ओवीत तिची सासू येते, किंवा सीता येते. सीतेच्या वनवासाच्या ओव्यांना जात्यावर एवढे स्थान का, ह्याचे एक उत्तर येथे मिळू शकेल: एकीच्या दुःखाला दुसरीने ज्या सभ्यपणे हात लावावयाचा तो हात सीतेच्या नावाने लावता येतो. सांत्वनाची ही रीत अबोल म्हणवत नाही, आणि बोलकीही म्हणवत नाही.

जनाबाईच्या कथेकडे ह्या दृष्टीने पाहिले तर तिचा एक वेगळा अर्थ उलगडतो. नामदेवांच्या घरची दासी जनी दळावयास बसते आणि विठ्ठल येऊन तिला दळू लागतो, ही कथा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेली आहे; पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे जाते आजही दाखविले जाते. भक्तिवाङ्मयाच्या अभ्यासात ह्या कथेतील देवाचे भक्तवात्सल्य सांगितले जाते. पण देवाने करावयाच्या कामांतून लोकमनाने नेमके हेच काम का निवडले असावे? दासी ती, तिच्या समोर खुंट्याला हात लावावयास कोण बसणार? जात्यापलीकडची जी जागा रिकामी होती ती देवाने भरली, अशी ही कल्पना आहे. जात्यावर बसणाऱ्या स्त्रियांना दैवी कृपेचे परम रूप कल्पावयाचे झाले तेव्हा त्यांनी धन कल्पिले नाही, मोक्षही कल्पिला नाही. समोर बसणारी सोबत कल्पिली. ओव्यांतील विठ्ठल पुष्कळदा देवापेक्षा सोबत्यासारखा वागतो, त्याचे मूळ येथे शोधण्यासारखे आहे.

ही सोबत संग्रहांच्या पानांवरून कशी नाहीशी झाली, हा प्रश्न संकलनपद्धतीचा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’च्या दोन भागांत ओव्या विषयवार लावल्या आणि प्रत्येक प्रकरणाला हृद्य विवेचन जोडले. मराठी मध्यमवर्गाला ओवीची गोडी लागली ती मुख्यतः ह्या ग्रंथामुळे. हे ऋण लहान नव्हे. कमलाबाई देशपांडे ह्यांनी आपल्या स्त्रीगीतांवरील ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांचे विशेषण बायकांच्या गाण्यांना लावण्यातला मिस्किल अभिमान आजही टवटवीत वाटतो. तथापि विषयवार मांडणीचा एक परिणाम अटळ होता. आईवरील ओव्या एकत्र आल्या, भावावरील एकत्र आल्या, आणि कोणत्या ओवीला कोणती ओवी उत्तर म्हणून आली होती हे पुसले गेले. संवादाचे तुकडे करून ते नात्यांच्या खणांत भरले की उरते ती सुभाषितांची मालिका. ओवी एकाकी आत्मनिवेदन वाटते ती काही अंशी ह्या खणांमुळे.

ह्या संदर्भात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी पुण्यातून केलेल्या कामाचे महत्त्व विशेष आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरू झालेले हे संकलन पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या त्यात जमा झाल्या. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले. बर्नार्ड बेल ह्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे अनेक ठिकाणी दुसरा कंठही ऐकावयास मिळतो. छापील पानावर जो नसतो तो झेलणारा आवाज येथे आहे. वर्गीकरण येथेही आशयानुसारच झाले आहे, हे खरे. पण नाव आणि गाव हाताशी असल्याने एका गावच्या, एका बैठकीच्या ओव्या पुन्हा शेजारी ठेवून पाहण्याची सोय राहिली आहे. हे काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते एखाद्या प्रबंधाच्या आवाक्यातले आहे.

शेजीच्या वर्तुळाची मर्यादा मात्र झाकून चालणार नाही. शेजी म्हणजे आळीतली. आणि आळी म्हणजे बहुधा जात. ज्या गावात पाणवठे वेगळे होते त्या गावात जाती ओलांडून एका खुंट्याला दोन हात लागणे सुलभ नव्हते. ग्रामीण समाजाच्या परस्परसहाय्याचे, इर्जिकीचे, सावडीचे, लग्नघरच्या दळणाला धावून येणाऱ्या बायकांचे जे वर्णन कौतुकाने केले जाते, त्याला ही कुंपणे होती. म्हणूनच त्याच संकलनातील डॉ. आंबेडकरांवरील ओव्या वेगळ्या उठून दिसतात. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी गायिलेल्या अशा ओव्या पुढे प्रसिद्धही झाल्या. ह्या ओव्यांतील सखी केवळ शेजारची राहत नाही. भीमरावांची वार्ता जिला सांगावयाची ती बाई वस्तीतली असते, तशीच दुसऱ्या गावचीही असते. दुःख जात्याआडून सांगण्याची जुनी रीत येथे सैल होते आणि अन्यायाची गोष्ट उघड संबोधनाने बोलली जाते. आधार देणारे वर्तुळ आळीएवढे होते ते चळवळीएवढे झाले. त्याबरोबर ओवीचे व्याकरणही बदलले. आशय बदलला एवढेच येथे नोंदून थांबणारे विवेचन ह्या ओव्यांना न्याय देत नाही.

धायरीकडे पाहिले तर हा प्रश्न निव्वळ भूतकाळाचा नाही, हे जाणवते. गावाचा उरलेला ग्रामीण भागही २०१७ साली पुणे महानगरपालिकेत आला. रायकर मळा, बेनकर वस्ती ही नावे आता दाट वसाहतींची आहेत. मळ्याचे नाव उरले, मळा गेला. टेकडीवरील धारेश्वराच्या भोवतीचे गाव आणि सदनिकांतून राहावयास आलेली बाहेरगावची कुटुंबे एकाच रस्त्याने जातात. दळण गिरणीत गेले त्याला काळ लोटला, आणि त्यात हळहळण्यासारखे काही नाही. पहाटे उठून पायलीभर दळण्याचे कष्ट ज्यांनी उपसले त्यांना गिरणीचा पट्टा फिरताना पाहून दुःख झाले नसणार. हळहळ असेल तर ती अभ्यासकांची, आणि तिच्यात स्वार्थ आहे. भिशी, बचत गट, भजनी मंडळ ह्या रूपांनी बायका आजही एकत्र बसतात. पण तेथील बोलणे समोरासमोरचे असते. दुसरीच्या देखत तिसऱ्याच कोणाला सांगण्याची ती आडवाट तेथे कोणत्या रूपाने टिकली आहे काय, ह्याचा शोध घेतला पाहिजे. अभंगाच्या निवडीतून कोणी आपले दुःख बोलत असेल तर ते ओळखण्याचे साधन ओवीच्या अभ्यासाने पुरविले आहे.

त्यासाठी क्षेत्रकार्याची प्रश्नावली बदलावी लागेल. संकलक गावात गेला की भावावरची ओवी म्हणा, पंढरीची म्हणा, असे सांगतो, आणि वृद्ध स्त्री आठवेल ती म्हणून दाखविते. ज्यांनी स्वतः जाते ओढले अशा स्त्रिया आता थोड्या आहेत आणि वृद्ध आहेत. त्यांना आधी विचारावयाचे ते हे की, समोर कोण बसत असे. ती कोणत्या घरची होती. तिची कोणती ओवी अजून आठवते. आणि ती ती ओवी कधी म्हणत असे. पुणे शहराच्या कडेला, विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर, हे विचारता येण्याजोगी घरे अजून आहेत. लग्नघरी हळद दळावयास जाते बाहेर काढतात आणि सुवासिनी खुंट्याला हात लावतात, तेव्हा आळीतली एखादी म्हातारी न सांगता ओवी धरते. प्रश्न विचारण्यास तो दिवस बरा.