आदामाची नाभी आणि मुलाची साक्ष

रोममधील सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलँजेलोने रंगविलेली आदामाची निर्मिती न पाहिलेला ख्रिस्ती वाचक विरळाच. पण त्या आदामाला नाभी आहे, याकडे कितीजणांचे लक्ष गेले असेल? जो कोणा मातेच्या उदरी जन्मला नाही, त्याला नाळ कुठली आणि नाळेची खूण तरी कुठली? सतराव्या शतकात सर टॉमस ब्राऊन या इंग्रज वैद्याने ही चित्रकारांची चूक म्हणून नोंदवून ठेवली होती. १८५७ साली एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने मात्र चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या निकालावर एक संपूर्ण ग्रंथ उभा केला. ग्रंथाचे नाव 'ओम्फॅलॉस'. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ नाभी. ग्रंथकर्ता फिलिप हेन्री गॉस.

हे नाव आपल्यापर्यंत पोहोचते ते बहुधा त्याच्या मुलामुळे. एडमंड गॉस हा त्या काळचा वजनदार इंग्रज समीक्षक. तोरू दत्तच्या मरणोत्तर काव्यसंग्रहाला १८८२ मध्ये परिचय लिहिणारा आणि सरोजिनी नायडूंच्या 'द बर्ड ऑफ टाइम'ला १९१२ मध्ये प्रस्तावना देणारा तो हाच. त्याचे 'फादर अँड सन' हे आत्मकथन १९०७ मध्ये प्रथम निनावी प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी गद्यातील एक मानाची कृती ठरले. तेव्हापासून बाप म्हटला की बायबल हातात धरून विज्ञानाला आणि मुलाच्या बालपणाला एकदमच गाडणारा एक कर्मठ गृहस्थ, असे चित्र रूढ झाले. ग्रंथ बापाचा आणि साक्ष मुलाची, असा हा दुहेरी मामला आहे. एकाचा विचार दुसऱ्यावाचून करता येत नाही.

फिलिप गॉसचा जन्म १८१० चा. बाप गावोगाव फिरून लघुचित्रे काढणारा चित्रकार, घरची परिस्थिती बेताची. सतराव्या वर्षी हा मुलगा न्यूफाउंडलंडमधील कार्बोनिअर बंदरात एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेला. तेथे १८३२ मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकावरील एक जुना ग्रंथ विकत घेतला आणि कीटकांचा नाद लागला. त्याच वर्षी त्याच्या धर्मजीवनालाही निर्णायक वळण मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडाव्यात, हे पुढच्या आयुष्याकडे पाहता अर्थपूर्ण वाटते. कॅनडात शेती केली, ती फसली. अलाबामात शाळामास्तर झाला, तेथील गुलामगिरी पाहून व्यथित झाला, आणि तेवढ्यातही कीटकांची जलरंगचित्रे काढीत राहिला. पुढे जमैकात दीड वर्ष राहून तेथील पक्ष्यांवर त्याने १८४७ मध्ये ग्रंथ लिहिला आणि आपल्याला साहाय्य करणाऱ्या रिचर्ड हिल या तेथल्या मिश्रवंशीय न्यायाधिकाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर छापले. त्या काळच्या मानाने हे सौजन्य लहान नव्हे.

त्याची खरी कीर्ती मात्र समुद्रकिनाऱ्यावरची. डेव्हनच्या खडकांतील पाण्याच्या डबक्यांपुढे गुडघे टेकून तो तासन्‌तास बसे आणि समुद्रफुलांचे रंग टिपून घेई. काचेच्या टाकीत समुद्रजीव जिवंत ठेवण्याच्या युक्तीला त्याने 'अक्वेरियम' हा शब्द रूढ करून दिला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील १८५३ च्या पहिल्या सार्वजनिक मत्स्यालयाला त्याने जीव पुरविले. १८५६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. डार्विन त्याला पत्रे लिहून माहिती विचारीत असे. हा मनुष्य विज्ञानाच्या दाराबाहेर उभा राहून दगड मारणारा नव्हता, तो घरातलाच होता, हे आधी नीट ध्यानात घ्यावे लागते.

१८५७ च्या फेब्रुवारीत त्याची पत्नी एमिली कर्करोगाने वारली आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात 'ओम्फॅलॉस' बाहेर पडले. डार्विनचा ग्रंथ अद्याप दोन वर्षे दूर होता. गॉसपुढचा पेच डार्विनचा नव्हे, लायेल आणि इतर भूशास्त्रज्ञांचा होता. खडकांचे थर पृथ्वीचे वय अफाट सांगत होते, आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस तो अक्षरशः सहा दिवस मानीत होता. प्लिमथ ब्रदरेन पंथाच्या त्या निष्ठावंत अनुयायाला दोहोंपैकी एकही साक्ष खोटी म्हणवत नव्हती.

त्याने काढलेली वाट विलक्षण आहे. जीवसृष्टीतील प्रत्येक गोष्ट वर्तुळात फिरते: अंड्यातून कोंबडी, कोंबडीतून अंडे. या वर्तुळाला आरंभबिंदू नाही. देवाने निर्मिती केली म्हणजे चालत्या वर्तुळात एका ठिकाणी प्रवेश केला. कोठेही प्रवेश केला तरी मागील फेऱ्यांच्या खुणा तेथे असणारच. मग गॉस वाचकाला हाताशी धरून नुकत्याच निर्माण झालेल्या जगात फिरवतो. हे वृक्ष-नेचे पाहा, त्याच्या बुंध्यावर गळून पडलेल्या पानांचे वण आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ याचे वय अनेक वर्षे सांगेल, पण ते आज सकाळचे आहे. हा पाणघोडा पाहा, याचे सुळे झिजलेले आहेत. शेवटी आदाम, नाभीसह. असेच खडकांतील जीवाश्म. जो काळ प्रत्यक्ष घडला, तो एक, आणि जो केवळ देवाच्या मनात होता पण ज्याच्या खुणा वस्तूंवर आहेत, तो दुसरा. या दुसऱ्याला तो 'प्रोक्रॉनिक' म्हणतो. अश्मीभूत विष्ठेचाही प्रश्न तो टाळत नाही. हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल हे मान्य करूनही तो तर्क शेवटपर्यंत नेतो. हा प्रामाणिकपणा मला ग्रंथातील सर्वांत हृद्य भाग वाटतो. शिवाय भूशास्त्रज्ञांनी आपले काम जसेच्या तसे चालू ठेवावे, असे तो आवर्जून सांगतो!

श्रद्धावंत आणि अश्रद्ध दोघेही आपले आभार मानतील, अशी त्याची अपेक्षा होती, असे एडमंड सांगतो. झाले उलटेच. दोघेही हसले. सर्वांत जिव्हारी लागले ते चार्ल्स किंग्जलीचे पत्र. हा अँग्लिकन धर्मगुरू गॉसचा मित्र आणि चाहता. देवाने खडकांवर एक प्रचंड आणि अनावश्यक असत्य लिहून ठेवले, हे मानणे मला जमणार नाही, अशा आशयाचे त्याने लिहिले. (याच किंग्जलीने सात वर्षांनी कॅथोलिक धर्मगुरूंच्या सत्यनिष्ठेवर शिंतोडे उडविले आणि त्याला उत्तर म्हणून न्यूमनचा 'अपोलोजिया' अवतरला, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. येथे मात्र किंग्जलीचे बोट नेमके दुखऱ्या जागी पडले होते.)

संत जॉन हेन्री न्यूमन यांच्या १८६३ मधील खाजगी टिपणवहीत या संदर्भात एक लक्षणीय नोंद आहे. एक तर डार्विनबरोबर शेवटपर्यंत जावे, नाही तर काळ आणि इतिहास यांना पूर्ण रजा देऊन जीवाश्मांनी भरलेले खडकच तसे निर्माण झाले असे मानावे, अशा आशयाचा पर्याय ते स्वतःपुढे ठेवतात. म्हणजे ज्या टोकाला इंग्लंडातील सुशिक्षित समाज हसत होता, त्या टोकाची तर्कसंगती न्यूमनसारख्या बुद्धिमंताने ओळखली होती. मधल्यामध्ये लटकणारी तडजोड त्यांना अधिक दुबळी वाटली.

तर मग 'ओम्फॅलॉस' चुकते कोठे? तर्कात नव्हे. ते खोडून काढता येत नाही, आणि तोच त्याचा दोष आहे. कोणताही पुरावा त्याच्याविरुद्ध जाऊ शकत नाही. पुढे बर्ट्रांड रसेलने दाखविल्याप्रमाणे, सारे जग आपल्या आठवणींसह पाच मिनिटांपूर्वी निर्माण झाले, असेही मग म्हणता येते. पण माझ्या मते याहून मोठी हानी धर्माच्या बाजूची आहे. ज्या देवाच्या हस्ताक्षराचे वाचन गॉस आयुष्यभर गुडघे टेकून करीत आला, त्या हस्ताक्षरावर विश्वास ठेवू नका, असे हा ग्रंथ नकळत सांगतो. संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या भाष्यात चौदाशे वर्षांपूर्वीच बजावले होते की, आकाश-पृथ्वीविषयी अश्रद्धांनाही जे निश्चित ठाऊक आहे, त्याविरुद्ध ख्रिस्ती मनुष्य शास्त्राच्या नावाने बोलू लागला, तर हसे शास्त्राचे होते. गॉसने भूशास्त्राशी भांडण टाळले खरे, पण किंमत म्हणून परमेश्वराची विश्वासार्हता मोजली.

आता मुलाच्या साक्षीकडे. 'फादर अँड सन' हे थोर पुस्तक आहे, यात संशय नाही. कथा सांगणे पाप मानणाऱ्या आईच्या घरात वाढलेला हा मुलगा कादंबरीकाराच्या नजरेने लिहितो. ज्या दिवशी तो जन्मला, त्या दिवशीच्या बापाच्या रोजनिशीत मुलाचा जन्म आणि जमैकाहून आलेली हिरवी पाकोळी, दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी आहेत. असा तपशील निवडायला प्रतिभाच लागते. बापाच्या पुस्तकांनी पेटलेल्या हौशी संग्राहकांनी डेव्हनची डबकी ओरबाडून उजाड केली आणि बापाला त्याचे दुःख झाले, तो भाग तर विलापिकाच आहे.

परंतु प्रस्तावनेत हे सारे काटेकोर सत्य असल्याचा दावा आहे, आणि तेथे समीक्षकाला थांबावे लागते. याच एडमंडने १८९० मध्ये बापाचे रीतसर चरित्र लिहिले होते. त्यातला बाप बराच वेगळा आहे. ॲन थ्वेट यांनी २००२ च्या आपल्या गॉसचरित्रात कागदपत्रांच्या आधारे दाखविले की बाप मुलाने रंगविला त्यापेक्षा पुष्कळ प्रेमळ होता. 'ओम्फॅलॉस'नंतर गॉस संपला, हा समजही टिकत नाही. ब्रिटिश समुद्रफुलांवरील त्याचा प्रमाणग्रंथ १८५८ ते १८६० या काळातला आहे आणि 'रोटिफर' या सूक्ष्मजीवांवर त्याने हडसनबरोबर केलेले काम १८८६ चे. आपल्याकडे संध्याकाळच्या रोझरीनंतर कॉलेजात जाणारा मुलगा आणि बाप यांच्यात असा वाद झालाच नाही, असे घर दाखवावे. (कदाचित माझ्या पिढीपुरतेच हे खरे असेल.) त्या वादाचा वृत्तान्त नेहमी मुलगाच लिहितो, कारण लिहायला मागे तोच उरतो. 'फादर अँड सन' वाचताना बापाची बाजू वाचकाला स्वतः उभी करावी लागते, आणि कौतुक म्हणजे तिचे साहित्यही एडमंडनेच, स्वतःच्या हेतूविरुद्ध, पानोपानी पुरविले आहे.

ख्रिस्ताचे पुनरागमन आपल्या हयातीत होईल आणि आपल्याला मृत्यू चाखावा लागणार नाही, अशी प्रार्थना गॉस नित्य करीत असे. ती फळास आली नाही. उतारवयात त्याला ताऱ्यांचा नाद लागला होता. एका हिवाळ्याच्या रात्री उघड्या खिडकीत दुर्बीण जुळवताना त्याला थंडी बाधली, त्यातून तो उठला नाही, आणि २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्याचे निधन झाले. त्या दुर्बिणीत शिरणारा प्रकाश वाटेत खरोखर कितीएक वर्षे चालला होता, की निघाल्याच्या खुणेसह वाटेतच निर्माण झाला होता, हे त्या रात्री त्याच्या मनात आले असेल काय?