अदृश्य होण्याची चैन

शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ १९८७ साली आला. ‘निखळ कौटुंबिक करमणूक’ म्हणून समीक्षा मोकळी झाली. मोगॅम्बो गाजला, थकलेले भाडे आणि अनाथ पोरांची उपासमार दुर्लक्षित राहिली.

माझा प्रश्न निराळा आहे. मनगटावरच्या यंत्राने नायक अदृश्य होतो. ही चैन कुणाची? पेशवाईत अस्पृश्याची सावलीही सवर्णावर पडू नये असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त नोंदवले. ज्यांच्यावर नाहीसे होण्याची सक्ती होती, त्यांचे स्वप्न दिसण्याचेच असणार. आमच्या वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली जमनालाल बजाजांनी अस्पृश्यांना खुले केले. तेथे दार दुसऱ्याने उघडले. त्याआधी १९२७ साली महाडला आमची माणसे स्वतः, सर्वांदेखत, पाणी प्यायली होती.

तरीही हा चित्रपट मी टाकाऊ मानत नाही. अखेरच्या झुंजीत ते यंत्र नायकाजवळ नसते. उघड्या देहानिशीच तो लढतो. करमणुकीत दडलेले हे सत्य समीक्षेने पाहिले नाही. शिक्षक मित्रहो, वर्गात पोरांना एवढेच विचारा: अदृश्य व्हायचे, की दिसायचे?