एकोणनव्वदाव्या वर्षीचा ब्राम्स

पियानो हे वाद्य तापीकाठच्या आपल्या गावात बहुतेकांनी पाहिले ते हिंदी चित्रपटांत, नायकाच्या विरहगीताला साथ देताना. अशा वाद्याच्या एका ध्वनिमुद्रिकेवर आपल्या त्रैमासिकाने पाने खर्ची घालावीत काय, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ही मुद्रिका जो प्रश्न उभा करते तो आपल्या घरांत पूर्वीच येऊन गेलेला आहे. थोर कलावंत थकल्यावर त्याचे ऐकावे कसे?

योहानेस ब्राम्सचा पहिला पियानो कन्चेर्टो आर्थर रुबिनस्टाइन यांनी १९७६ साली ‘डेक्का’ कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केला. त्यांचे वय तेव्हा ८९ होते आणि दृष्टी जवळजवळ गेलेली होती. पियानोच्या पट्ट्या नजरेपेक्षा सवयीनेच सापडाव्यात अशी अवस्था. साथीला इस्रायल फिलहार्मॉनिक वाद्यवृंद, आणि त्याचे संचालक मुंबईत जन्मलेले चाळिशीचे झुबिन मेहता. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. रुबिनस्टाइन यांचे कन्चेर्टोचे हे शेवटचेच ध्वनिमुद्रण. त्याच वर्षी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये वाजवून त्यांनी मैफलीचा निरोप घेतला.

कन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली दीर्घ रचना. ही आपली जुगलबंदी नव्हे. येथे प्रत्येक स्वर कागदावर आधीच ठरलेला असतो. ब्राम्सने ही रचना विशीत हाती घेतली. १८५४ साली त्याचे ज्येष्ठ स्नेही शूमन यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली, त्या हादऱ्यानंतरची ही वर्षे. दोन पियानोंसाठी योजलेले संगीत सिंफनी होऊ पाहत होते, अखेर ते कन्चेर्टो झाले. जानेवारी १८५९ मध्ये हॅनोव्हरला ब्राम्सने स्वतः पियानो वाजविला व योझेफ योआखिम यांनी संचालन केले. पाचच दिवसांनी लायप्झिगच्या श्रोत्यांनी मात्र तिची हुर्यो उडविली. पुढे याच योआखिमनी पोलंडहून आलेल्या लहानग्या रुबिनस्टाइनच्या बर्लिनमधील शिक्षणावर देखरेख केली. म्हणजे रचनेच्या जन्मापासून या मुद्रिकेपर्यंत मध्ये एकच माणूस उभा आहे. आपण याला परंपरा म्हणतो आणि ती फक्त आपल्याकडेच असते असे समजतो, असो.

रुबिनस्टाइन यांचा जन्म १८८७ चा, बालगंधर्वांचा १८८८ चा. नारायणराव साठी ओलांडल्यावरही स्त्रीवेशात रंगभूमीवर उभे राहत, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यांचे गाणे डोळे मिटून, पूर्वीचा आवाज आठवून ऐकले. त्या श्रवणात प्रेम होते, पण समीक्षा नव्हती. तरीही गायकाला एक सोय असते. दम कमी झाला की तान आखडती घ्यावी, वरचा षड्ज दुरून दाखवावा, एखाद्या स्वरावर रेंगाळून रंग भरावा. उतारवयातील गायकीला आपण ‘मुरलेली’ म्हणतो, त्यात ही निवड बरीच असते. पियानोवादकाला हा मार्ग बंद असतो. ब्राम्सने लिहिलेला एकही स्वर त्याला गाळता येत नाही. त्याच्या हाती उरतात तीनच गोष्टी : लय, आघाताचे वजन आणि थांबणे.

म्हणून या मुद्रिकेकडे दयाबुद्धीने पाहणे मला मान्य नाही. पहिल्या भागात दोन्ही हातांनी सप्तकांच्या जोड्या थरथरवीत नेण्याच्या जागा आहेत. तेथे कष्ट ऐकू येतात हे स्पष्टच सांगितले पाहिजे. हीच रचना त्यांनी १९५४ साली, ६७ व्या वर्षी, फ्रिट्झ रायनर व शिकागो सिंफनीसह मुद्रित केली होती. तीत त्याच जागा विजेसारख्या कोसळतात. (मधली १९६४ ची, लाइन्सडॉर्फ यांच्यासोबतची मुद्रिका चांगली असूनही मला दोन्हींच्या मानाने फिकी वाटते.) १९७६ च्या मुद्रिकेतील अखेरच्या भागात उसळी कमी पडते, नृत्याची लय आहे, पाय मात्र जड आहेत. स्टुडिओत फितीचे तुकडे जोडता येतात हे गृहीत धरूनही हा जडपणा लपत नाही.

आणि तरीही मी दुसऱ्या भागाकडे पुन्हा पुन्हा वळतो. संथ अशा या अदाजिओला ब्राम्सने क्लारा शूमन यांचे सौम्य चित्र म्हटले होते. १९५४ मध्ये रुबिनस्टाइन येथे सुंदर गातात, पण पुढे काय यायचे आहे हे त्यांना ठाऊक असल्याचे जाणवते. १९७६ मध्ये प्रत्येक स्वर वाजतो, विरतो, आणि तो पुरता विरल्यावरच पुढचा येतो. विलंबित ख्यालाच्या श्रोत्याला ही शांतता परकी वाटणार नाही. येथे वय अडचण ठरत नाही, कारण येथे ब्राम्सने वेग मागितलेलाच नाही. उलट जे त्याने मागितले ते तरुण बोटांकडून क्वचितच मिळते.

मेहता यांचे श्रेयही मोजून द्यावे लागेल. आरंभीचा नगाऱ्यांचा घुमार व वाद्यवृंदाची दीर्घ गर्जना ते मुळीच सौम्य करीत नाहीत. पियानो बराच वेळ गप्प असतो. मग तो येतो तो अगदी हळू, जणू त्या वादळाशी त्याला काही देणेघेणे नाही. मेहतांनी आरंभीच हात आखडला असता तर हा विरोध नाहीसा झाला असता. पुढे मात्र ज्या संथ गतीत वृद्ध वादक चालतो त्या गतीत सारा वाद्यवृंद त्यांनी धरून ठेवला आहे. हे करताना एके ठिकाणी, पहिल्या भागाच्या मध्यावर, ताण सैल पडतो आणि रचना तुकड्यातुकड्यांनी ऐकू येऊ लागते. हा दोष त्या दोघांचा समान आहे.

ज्यांना ही रचना प्रथमच ऐकावयाची असेल त्यांनी १९५४ ची मुद्रिका आधी ऐकावी. १९७६ ची त्यानंतर, दुसऱ्या एखाद्या दिवशी, आणि तीही दुसऱ्या भागापासून.