जुन्या इंग्रजी आख्यायिकांतील शब्दार्थ : खानदेश ते मणिबेली

सन १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला. अंगरक्षकाविना भिल्लांमध्ये वावरणे, त्यांच्यासह वाघाची शिकार करणे, अशा त्याच्या आख्यायिका इंग्रजी चरित्रलेखनातून पुढे चालत आल्या. अभ्यासक त्यांचा आधार घेतात. परंतु त्यांची इंग्रजी आजची नव्हे, हे भान क्वचितच राखले जाते.

त्या काळच्या गद्यात ‘वाँट’ म्हणजे बहुधा इच्छा नव्हे, उणीव. ‘इंटेलिजन्स’ म्हणजे बुद्धी नव्हे, वार्ता. असे प्रमाद संदर्भानेच उघडे पडतात. खरा धोका आहे तो आजचा अर्थही वाक्यात बेमालूम बसतो अशा शब्दांचा. ‘कंडिसेन्शन’ या शब्दात आज तुच्छतेचा वास येतो. त्या काळी वरिष्ठाने कनिष्ठांशी मोकळेपणाने वागणे हा गुण या शब्दाने गौरविला जाई. जेन ऑस्टिनने १८१३ च्या कादंबरीत या गौरवाचा उपहास केला, तो गौरव रूढ होता म्हणूनच. येथे आजचा अर्थ लेखकावर अन्याय करतो. ‘रिक्लेम’च्या बाबतीत उलट घडते. हा शब्द एके काळी ससाण्याच्या शिकारीत वापरला जाई: उडालेल्या पक्ष्यास परत बोलावणे, माणसाळविणे. पडीक जमीन लागवडीस आणणे हाही त्याचाच अर्थ. भिल्लांना ‘रिक्लेम’ केले, याचा ‘आपलेसे केले’ असा तर्जुमा करताच माणूस, रान आणि पाखरू यांना एकाच क्रियापदाने बांधणारी दृष्टी लोप पावते.

या विवेकाची कसोटी नर्मदाकाठच्या मणिबेलीस लागते. अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालेल्या महाराष्ट्रीय गावांपैकी अगदी आरंभीचे. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात बुडीत क्षेत्रात राहणाऱ्या वा जमीन कसणाऱ्या माणसास ‘आउस्टी’ म्हटले आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात ‘आउस्टर’ म्हणजे जमिनीच्या ताब्यातून गैरपणे हुसकावणे. लवादास तो दोषारोप अभिप्रेत होता असे नाही. तथापि हुसकावला गेलेला म्हटला की हुसकावणारा कोणी आहे, हे त्या शब्दाच्या घडणीतच येते. मराठीत रूढ झालेला ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द मात्र ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ यांच्या पंक्तीत बसतो. त्यात कर्ता उरत नाही, आपत्ती तेवढी उरते.

जुना अर्थ जाणणे म्हणजे जुन्या राज्यकर्त्यांना क्षमा करणे नव्हे. कोणत्या शब्दाबद्दल त्यांना दोष द्यावा आणि कोणत्या शब्दाबद्दल देऊ नये, हे त्यामुळे नेमके ठरते. तीच काटेकोर दृष्टी मराठी प्रशासकीय परिभाषेस लावणे, हे भाषाभ्यासकाचे कर्तव्य होय.