एसएफ-बफ: एकाच पेपरमधले दोन दावे

मेमरी मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याला प्रोसेसचं पेज टेबल आठवतं. अच्युत गोडबोले किंवा धामधेरे सरांचं पुस्तक घेऊन सेट-नेटची, पेटची तयारी केली असेल तर पेजिंग, पेज फॉल्ट, एलआरयू तोंडपाठ असतं. पण एक साधा प्रश्न राहून जातो. कर्नलला स्वतःला एखाद्या फिजिकल पेजमध्ये वाचायचं-लिहायचं असेल तर? पेजिंग चालू झाल्यावर फिजिकल पत्त्यावर थेट हात घालता येत नाही, कर्नललासुद्धा नाही. त्यालाही आधी व्हर्च्युअल पत्ता लागतो.

आज ज्या पेपरबद्दल लिहितेय तो याच प्रश्नावरचा आहे. खालेद एल्मेलीगी, अनुपम चंदा, अ‍ॅलन कॉक्स आणि विली झ्वानेपूल यांनी तो २००५ च्या युझेनिक्स वार्षिक परिषदेत मांडला. (हे कॉक्स राईस विद्यापीठाचे. लिनक्सवाले अ‍ॅलन कॉक्स वेगळे; गुगलवर शोधताना हमखास घोळ होतो.) फ्रीबीएसडीमध्ये त्यांनी एसएफ-बफ नावाचा छोटा इंटरफेस बसवला. पेज द्या, बफर घ्या, त्याचा पत्ता विचारा, काम झालं की सोडून द्या. नाव सेंडफाइल या सिस्टिम कॉलवरून आलंय, पण पेपरने तो पाइप, मेमरी डिस्क, सॉकेट, एक्झेक-व्हीई, पी-ट्रेस अशा बऱ्याच ठिकाणी वापरून दाखवला. ड्रॅगनफ्लाय बीएसडीमधला ‘लाइटवेट बफर’ याच घराण्यातला.

आता अडचण काय होती ते बघा. ३२ बिटच्या मशिनवर पत्ते एकूण ४ जीबी, त्यातला साधारण १ जीबी कर्नलच्या वाट्याला. म्हणजे ४ केबीच्या पेजने मोजलं तर २,६२,१४४ पेज, आणि त्यातच कर्नलचा सगळा संसार. मशिनमध्ये ४ जीबी रॅम असेल तर फिजिकल पेज १०,४८,५७६. सगळ्यांना कायमचा पत्ता देणं शक्यच नाही. म्हणून तात्पुरता पत्ता द्यायचा, काम झालं की काढायचा. हे काढणंच महाग पडतं. प्रत्येक प्रोसेसर पत्त्यांची भाषांतरं स्वतःच्या टीएलबीमध्ये जपून ठेवतो. पत्ता दुसऱ्या पेजला दिला की प्रत्येक प्रोसेसरला इंटरप्ट पाठवून ‘जुनं विसरा’ असं सांगावं लागतं.

नांदेडच्या एसटी स्टँडवर लातूरच्या गाडीचा फलाट बदलला की माईकवरून ओरडून सगळ्यांना सांगावं लागतं, तसंच. पेपरची पहिली युक्ती अशी: गाडी गेली तरी फलाटावरची पाटी लगेच पुसू नका. तीच गाडी परत आली तर घोषणेची गरजच नाही. म्हणजे सोडलेली मॅपिंग कॅशमध्ये तशीच ठेवायची आणि जागा लागलीच तर सगळ्यात जुनी काढायची. त्यातही बारकावा आहे. जुन्या मॅपिंगचा अ‍ॅक्सेस्ड बिट शून्य असेल, म्हणजे तिला कुणी हातच लावला नसेल, तर टीएलबी साफ करायची गरज नाही. मला हा भाग फार आवडला. हार्डवेअरने आधीच लिहून ठेवलेली माहिती फक्त नीट वाचली, एवढंच.

६४ बिटच्या एएमडी-६४ वर मात्र गोष्टच बदलते. तिथे ४८ बिटचे पत्ते, म्हणजे २५६ टीबी. फलाट इतके की प्रत्येक गाडीला कायमचा एक. सगळी रॅम एकदाच मॅप करून ठेवायची, याला डायरेक्ट मॅप म्हणतात. मग एसएफ-बफ ‘घेणं’ म्हणजे पेजचा पॉइंटर दुसऱ्या नावाने परत देणं, आणि ‘सोडणं’ म्हणजे काहीच न करणं.

माझी तक्रार इथे सुरू होते. पेपरचा सारांश म्हणतो की शक्य तिथे आधीची मॅपिंग पुन्हा वापरल्यामुळे खर्च वाचतो. ‘पुन्हा वापर’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी बसवल्यात. झिऑनवर फायदा कॅशचा आहे, आणि तो कामाच्या स्वभावावर अवलंबून आहे: तीच पेज परत परत येत असतील तर कॅश चालते, नाहीतर नाही. ऑप्टेरॉनवर कॅश नाहीच. तिथला फायदा डायरेक्ट मॅपचा आहे. जुन्या कोडमध्ये त्या त्या ठिकाणी थेट डायरेक्ट मॅप वापरला असता तरी वेग तोच मिळाला असता. तिथे इंटरफेसने दिली ती पोर्टेबिलिटी. ती मोठीच गोष्ट आहे, पण ती टक्क्यांत मोजता येत नाही. तुम्ही हा पेपर सेमिनारला घेणार असाल तर दोन मशिनचे आकडे एका ओळीत सांगू नका.

दुसरी गोष्ट. ‘ही मॅपिंग फक्त याच प्रोसेसरपुरती’ असं सांगणारा एक फ्लॅग आहे. त्यामुळे घोषणा सगळ्यांना न करता एकालाच करून भागतं. पण थ्रेड मधेच दुसऱ्या प्रोसेसरवर गेला तर? तिथल्या टीएलबीत जुनं भाषांतर असेल, चुकीचं पेज वाचलं जाईल आणि एररसुद्धा येणार नाही. थ्रेडला बांधून ठेवायची जबाबदारी कॉल करणाऱ्यावर आहे; इंटरफेस ती तपासत नाही. लिनक्सने २०२१ च्या ५.११ आवृत्तीत के-मॅप-लोकल आणलं, त्यात ही काळजी कर्नलच घेतो. बदल्यात एक शिस्त पाळावी लागते: मॅपिंग ज्या क्रमाने घेतल्या त्याच्या उलट क्रमाने सोडायच्या. मला हा सौदा जास्त पटतो.

आणि डायरेक्ट मॅप खरंच फुकट आहे का? २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी रेट-टू-डिर नावाचा हल्ला दाखवला. युजरचं पेज डायरेक्ट मॅपमुळे कर्नलच्या पत्त्यावरही दिसतं. त्या मार्गाने युजर आणि कर्नल यांच्यातली भिंत चुकवता येते. त्यांनीच उपाय सुचवला: युजरला दिलेलं पेज डायरेक्ट मॅपमधून काढा. मग कर्नलला त्या पेजशी काम पडलं की परत तात्पुरती मॅपिंग, परत टीएलबी साफ करणं. लिनक्स ५.१४ मधलं मेम-एफडी-सीक्रेटही पेज डायरेक्ट मॅपमधून बाहेर काढतं. ‘६४ बिटवर प्रश्न मिटला’ म्हणून हा पेपर बाजूला ठेवणाऱ्यांनी हे वाचावं. २००५ च्या लेखकांना सुरक्षेबद्दल जाब विचारणं अन्यायाचं होईल. त्यांनी वेळ मोजायचं ठरवलं होतं आणि तो मोजला.

यातलं काही करून बघायला मोठी लॅब लागत नाही. साध्या लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये ३२ बिटचं जुनं फ्रीबीएसडी चार प्रोसेसर देऊन चालवा. पाइपमधून डेटा पाठवा आणि दुसऱ्या प्रोसेसरना किती वेळा ‘जुनं विसरा’ सांगावं लागलं ते मोजा. आधी कॅश मोठी ठेवून, मग मुद्दाम लहान करून. फक्त सायकल मोजू नका. व्हर्च्युअल मशिनमधल्या टीएलबीचा वेळ खऱ्या प्रोसेसरचा नसतो, आणि गाईडने पहिल्याच प्रेझेंटेशनला तेच विचारलं तर उत्तर देता येणार नाही.