‘कमला’ : पुरावा आणि उत्तरदायित्व

विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ या नाटकाची चर्चा बहुधा सरिताच्या आत्मभानाच्या अंगाने झालेली आहे. त्यामुळे तिचा नवरा पत्रकार आहे ही गोष्ट जणू नेपथ्याचाच भाग ठरते. वस्तुतः या नाटकाचे मूळ एका वृत्तपत्रीय घटनेत आहे. १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची खरेदी-विक्री सिद्ध करण्यासाठी एक स्त्री प्रत्यक्ष विकत घेतली आणि तिची बातमी दिली. नाटकातील जयसिंग जाधवही हेच करतो. तो खोटे लिहीत नाही. सत्यनिष्ठेची रूढ कसोटी लावली तर तो उत्तीर्णच होतो, आणि खरी अडचण येथेच सुरू होते.

कमला त्याच्या लेखी साक्षीदार नाही, पुरावा आहे. साक्षीदाराला बोलण्याचा आणि नकाराचाही अधिकार असतो. पुरावा नुसता सादर करायचा असतो. पुढे काय होणार याची कल्पना न देता तिला पत्रकार-परिषदेत उभे केले जाते. ही परिषद तेंडुलकरांनी रंगमंचावर आणलेली नाही, हा त्यांचा फार नेमका निर्णय होय. ती कळते ती परतून आलेल्या जयसिंग आणि जैन यांच्या हसण्यातून. कमलाला विचारलेले ओंगळ प्रश्न ते रंगवून सांगतात आणि वृत्तपत्राचा वाचक जेथे असतो तेथे प्रेक्षक आपोआप जाऊन बसतो. (प्रयोगात या ठिकाणी हशा पिकत असेल, तर तोही नाट्यार्थाचाच भाग मानावा लागेल.)

काकासाहेबांचा इंग्रजी पत्रकारितेवरील आक्षेप केवळ भाषाभिमानाचा नाही. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना न कळणाऱ्या भाषेतले लेखन कोणाला बांधील राहणार, असा तो प्रश्न आहे. मात्र अक्षरशत्रू कमलापर्यंत काकासाहेबांचे देशी पत्र तरी कोठे पोचणार? उलट, सरिताला तिची खरेदीची किंमत विचारणारी कमलाच या घरातील एकमेव खरी वार्ताहर ठरते.

अखेरीस जयसिंगची नोकरी जाते. परंतु बड्यांचे हितसंबंध दुखावले म्हणून मालक त्याला काढतो, कमलाशी तो जसा वागला त्याबद्दल नव्हे. शिक्षा होते, पण जाब कोणी विचारत नाही. प्रेक्षकाची सहानुभूती मात्र जयसिंगकडे वळते, सरिताही तूर्त त्याच्याजवळ थांबते. नाटकाचा हा दुबळा दुवा म्हटला पाहिजे. कारण तोवर कमलाची रवानगी संस्थेत झालेली असते आणि जिला उत्तर द्यायचे तीच रंगमंचावर नसते.