शुक्रवारी लागला, गुरुवारी उतरला

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ च्या जानेवारीत सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि चित्रपटधंद्यात मुरलेल्यांचं ठेवणीतलं वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागलं: बक्षिसं मिळतात, माणसं येत नाहीत.

माणसांनी यायचं कुठे आणि किती वाजता? जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. बापाच्या कापसाला भाव नाही आणि लेकीला स्थळ नाही, एवढीच गोष्ट. पण पाहण्याच्या प्रत्येक कार्यक्रमात तेच प्रश्न त्याच सुरात येत राहतात, तेव्हा हसणाऱ्या प्रेक्षकाचीच पंचाईत होते. नंदिनी चिकटेची सविता त्या प्रश्नांपुढे ज्या निमूटपणे बसते, तो निमूटपणा कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोचतो. गेल्या काही वर्षांत मराठीत इतकं नेमकं काम फार थोड्यांनी केलं. शिवकालीन चित्रपटांच्या रांगेत तलवारी तेवढ्या चकचकीत.

टोरंटोत २०२३ साली गौरवलेला ‘स्थळ’ चित्रपटगृहात आला ७ मार्च २०२५ ला, ‘छावा’ पडदे अडवून बसला असताना. महाराष्ट्राबाहेर, भोपाळच्या कोलार रोडवरच्या मराठी घरापर्यंत अशा चित्रपटाची बातमी पोचते, तोवर तो पुण्यातही उतरलेला असतो. १९८२ पासून भारत भवनासारखं कलाकेंद्र असलेल्या शहरातला हा प्रेक्षक. त्यालाही अभिरुची नाही म्हणायचं?

खरी मेख हिशेबात आहे. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचा तंटा मिटला तो या वाटणीवर: वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग साडेबेचाळीस, साडेसदतीस, पुढे ३०. म्हणजे पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचणाऱ्याला मलई. तोंडी प्रसिद्धीवर चालणाऱ्या चित्रपटाला प्रेक्षक सापडतो तिसऱ्या आठवड्यात. तोवर एक तर वाटा घसरलेला, नाहीतर खेळच गेलेला. शिवाय जाहिरातीला पैसा नाही, कारण होता तो चित्रीकरणात संपला. हा दोष मात्र निर्मात्यांचा.

लगेच ‘सैराट’चं यश तोंडावर फेकलं जातं. त्याच्यामागे झी स्टुडिओज होता आणि अजय-अतुलची गाणी आधीच घरोघरी वाजत होती. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळूनही त्यातलं काय वाट्याला आलं?

२०१५ च्या एप्रिलमध्ये, ‘कोर्ट’ हा चित्रपट लागण्याच्या तोंडावर, महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटांसाठी संध्याकाळी सहा ते नऊची वेळ सक्तीची केली. ओरड झाली आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. दुपारी बाराला नोकरदार माणूस चित्रपट पाहतो, हे कोणी ठरवलं? अनुदान चित्रपट बनवल्याबद्दल मिळतं. ते चालवल्याबद्दल द्या. जिल्ह्याच्या गावी एक पडदा, संध्याकाळी सातचा एकच खेळ, सलग सहा आठवडे, तिकीट शंभर रुपये. त्यानंतरही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर वितरकांनी खुशाल प्रेक्षकाला नावं ठेवावीत.